घर विकले, तरी घराबरोबर काय राहते?

घर बांधणे हे जितके जबाबदारीचे कार्य आहे, तितकेच घर विकणेही आहे. परंतु घर बांधताना आपण मुहूर्त पाहतो, सुताराला विचारतो, वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतो. विकताना मात्र किंमत ठरली की सारे ठरले, असे समजून चालतो. मग विक्री होऊन सहा महिने लोटत नाहीत तोच तंटा उभा राहतो. विकणारा म्हणतो, सागवानी दरवाजे आमच्या आज्याने करविलेले होते, ते आम्ही नेणार. घेणारा म्हणतो, दरवाजांवाचून घर ते कसले? शेजारी म्हणतो, या बाडीतील विहिरीवर आमचे तीन पिढ्यांचे पाणी आहे. आणि मागच्या खोलीत बसलेली वृद्ध माता काहीच म्हणत नाही, कारण तिला कोणी विचारलेलेच नसते.

गोंदिया शहर वाढत वाढत आमच्या मुर्रीसारख्या शेजारच्या गावांपर्यंत येऊन पोहोचले आहे. ज्या घरांना काल कोणी गिऱ्हाईक नव्हते, त्यांच्या जागेला आज मोल आले आहे. ज्ञातिबांधवांची मुले नोकरीनिमित्त नागपूर, रायपूर, पुणे येथे स्थायिक झाली असून वडिलोपार्जित घरे विकण्याचे प्रसंग वारंवार येत आहेत. शाळेत नोकरीस असताना व निवृत्तीनंतरही गावातील लोकांना जुनी खरेदीखते वाचून दाखविण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे पुष्कळदा आले. त्या वाचनातून एक गोष्ट मनावर ठसली. आपल्या पूर्वजांनी घराची विक्री ही केवळ भिंती व जागा यांची विक्री कधीच मानली नव्हती. काय घराबरोबर राहावे आणि काय घरधन्याबरोबर जावे, याविषयी फार जुना विचार आपल्या देशात झालेला आहे. त्याचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घर मागे ठेवून आलेला समाज

आपला पोवार समाज मुळात स्थलांतरितांचा समाज आहे. माळव्यातून निघून आपले पूर्वज प्रथम रामटेकजवळच्या नगरधन येथे वसले आणि पुढे वैनगंगेच्या खोऱ्यात आले, अशी परंपरा आहे. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर १९१६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही या परंपरेची नोंद आहे. चिमणाजी भोसले यांच्या कटकच्या स्वारीत केलेल्या सेवेबद्दल वैनगंगेकाठच्या जमिनी मिळाल्या, असेही ती परंपरा सांगते. येथे येऊन त्यांनी रान मोडले, बांध घातले, धानाची शेती वाढविली.

याचा अर्थ असा की, घर सोडणे आपल्या समाजाला नवे नाही. धारेकडील घर सुटले, नगरधनचे घर सुटले. त्या घरांच्या भिंती, आडे आणि विहिरी जेथल्या तेथे राहिल्या. कुळाचे नाव, कुलदेवता, बोली आणि शेतीची विद्या मात्र माणसांबरोबर आली. छत्तीस कुळांची आठवण आजही जिवंत आहे. परंतु नगरधनला आपली घरे कोठे होती हे कोणी दाखवू शकत नाही. काय नेता येते आणि काय नेता येत नाही, याचा पहिला धडा आपल्या इतिहासानेच आपल्याला दिलेला आहे.

जुन्या घराची मांडणी

आपल्या भागातील जुने घर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पुढील विवेचन सहज कळेल. समोर अंगण, मग सपरी, आत माजघर व रांधणखोली, बाजूस गुराढोरांचा कोठा, मागे बाडी, आणि बाडीत विहीर. भिंती मातीच्या, वर लाकडी मयाली व आडे, त्यांवर कवेलू. माजघरात धानाची ढोली, जमिनीत पुरलेले उखळ, कोपऱ्यात जाते, रांधणखोलीत पाटा-वरवंटा, अंगणात तुळशीवृंदावन. बाडीत आंबा, फणस, लिंबू यांपैकी काहीतरी असावयाचेच.

आता विचार करा. या घराची विक्री झाली तर यांपैकी काय जाईल आणि काय राहील? भिंत राहील, यात शंका नाही. पाटा-वरवंटा जाईल, यातही शंका नाही. पण उखळाचे काय? दाराचे काय? कुलूप भिंतीला चिकटलेले नसते आणि किल्ली तर खिशात असते. म्हणून ती विकणाऱ्याची काय? बाडीतील आंबा कोणाचा? आणि विहिरीकडे जाणारी शेजाऱ्याची वाट कोणाची? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, परंतु घराघरांतील अबोला यांतूनच जन्म घेतो.

ताम्रपटापासून खरेदीखतापर्यंत

विदर्भात इसवी सनाच्या पाचव्या शतकात वाकाटकांचे राज्य होते. त्या वंशातील दुसऱ्या प्रवरसेनाचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळील चम्मक या गावी मिळाला. आपल्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात तिरोडी येथेही याच राजाचा ताम्रपट सापडला आहे. चम्मकच्या ताम्रपटात गाव दान देताना ते निधी व उपनिधी यांसह दिले असल्याचे नमूद आहे. म्हणजे जमिनीच्या पोटात दडलेले धनही जमिनीबरोबरच गेले. तो लेख घराच्या विक्रीचा नसून गावाच्या दानाचा आहे, हे खरे. परंतु हस्तांतर होताना दिसणाऱ्या वस्तूंबरोबर न दिसणाऱ्या वस्तूंचाही उल्लेख करावा, ही दक्षता तेथे दिसते. त्याच लेखात दान घेणाऱ्यांवर अटीही घातलेल्या आहेत. त्यांनी राज्याशी द्रोह करू नये आणि इतर गावांस उपद्रव देऊ नये, असे त्यांत आहे. मालकी मिळाली की शेजाऱ्याचा विचार संपला, असे त्या काळीही मानीत नसत.

पुढे मराठेशाहीच्या कागदपत्रांत हीच रीत अधिक स्पष्ट झाली. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी यादी इनामपत्रांत व वतनपत्रांत आढळते. पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, पुरलेले धन आणि ठेवलेले धन या साऱ्यांचा त्यात समावेश होतो. विशेष हे की, ही शब्दमालिका आजही आपल्या खरेदीखतांत ‘तदंगभूत वस्तूंसह’ या शब्दांबरोबर लिहिली जाते. लिहिणारा लेखनिक ती सवयीने लिहितो, ऐकणारा ती सवयीने ऐकतो. परंतु तिच्यामागे शेकडो वर्षांचा अनुभव उभा आहे.

या यादीतील एका शब्दाचा अर्थ मात्र आता बदललेला आहे. निधी म्हणजे पुरलेले धन खरेदीदाराला आपोआप मिळते, असे आज नाही. १८७८ सालच्या निखात निधीच्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक केले. शंभर वर्षांच्या आत आपल्या पूर्वजाने ते पुरले होते, असे कोणी सिद्ध करू म्हणेल तर त्याचा दावा ऐकला जातो. कोणीच धनी पुढे आला नाही, तर सापडविणारा व जागेचा मालक यांच्यात वाटणी होते; वेगळा करार नसल्यास तीन हिस्से सापडविणाऱ्याचे व एक हिस्सा जागामालकाचा. जुनी भिंत उतरविताना नाण्यांचे मडके निघाल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. तशी वेळ आल्यास ते मडके लपवू नये, हे सांगणे अवश्य आहे.

पाणी आणि वाट

धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार विक्रीच्या नव्हे, तर वाटणीच्या प्रसंगी केला आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ज्या वस्तूंची वाटणी करू नये अशी गणना आहे, त्यांत पाणी आणि ‘प्रचार’ यांचा समावेश होतो. प्रचार म्हणजे काय, याविषयी टीकाकारांत मतभेद आहेत. सुमारे ९०० वर्षांपूर्वी कल्याणीच्या चालुक्य राजाच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा नावाची टीका लिहिली. पुढे इंग्रजी अमदानीत महाराष्ट्रासह बहुतेक देशाच्या हिंदू कायद्याचा ती आधार ठरली. विज्ञानेश्वर म्हणतो, प्रचार म्हणजे घर, बाग इत्यादींमध्ये जाण्यायेण्याचा मार्ग. तो वाटून घेता येत नाही. आणि पाणी म्हणजे विहिरीसारखा पाण्याचा साठा. त्याची किंमत करून वाटणी करावयाची नाही, तर पाळीपाळीने त्याचा उपभोग घ्यावयाचा.

या विचारात मोठे शहाणपण आहे. चार भावांनी घराचे चार भाग केले, तरी विहिरीचे चार भाग होत नाहीत. वाटेचे चार तुकडे केले, तर कोणालाच चालता येत नाही. म्हणून पाणी व वाट ही कोणा एकाची नसून घराशी जोडलेली आहेत, असे शास्त्रकारांनी मानले. आज एखादा भाऊ आपला हिस्सा परक्या माणसास विकतो, आणि तो माणूस पहिल्याच दिवशी विहिरीभोवती तारांचे कुंपण घालतो, तेव्हा आपल्याला वाटते की हा नव्या काळाचा प्रश्न आहे. वस्तुतः तो विज्ञानेश्वरापुढेही होता.

मालगुजारीतील घर

नागपूरचे तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निवर्तले आणि त्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला. पुढच्या जमाबंदीत मालगुजारांना गावांचे मालकी हक्क देण्यात आले. आपला गोंदिया भाग त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला, हे वाचकांना ज्ञात आहेच.

मालगुजारी गावात वस्तीच्या जागेस आबादी म्हणत. ती जागा मालगुजाराच्या स्वामित्वाची असे. गावात शेती कसणाऱ्या रयतेस घरापुरती जागा मिळण्याचा हक्क होता. परंतु ती जागा तिची स्वतःची नव्हे. गावाच्या चालीरीती ज्या कागदात लिहून ठेवीत, त्यास वाजिब-उल-अर्ज म्हणत. रयत गाव सोडून जाऊ लागली, तर सामान्यतः तिला विकता येई तो घराचा माल. मयाली, आडे, दरवाजे, कवेलू हे तिचे. खालची माती मालगुजाराची. आपल्या भागात जुने घर ‘उतरवून’ त्याचे लाकूड व कवेलू दुसऱ्या गावी नेण्याची जी चाल वृद्ध माणसे सांगतात, तिच्यामागे हेही एक कारण आहे. दरवाजा आमचा, असे म्हणणाऱ्या आजच्या विक्रेत्याच्या मनात नकळत तीच जुनी समजूत वसत असावी. ज्या काळी जागा आपली नव्हती, त्या काळी लाकूड हीच घराची खरी मालमत्ता होती.

इंग्रजी कायद्यात जमिनीला जे जोडले ते जमिनीचे झाले, असे एक सूत्र होते. परंतु १८६६ साली कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ठाकूर चंदर परामाणिक विरुद्ध रामधन भट्टाचार्य या खटल्यात, ते सूत्र या देशाच्या रूढीत जसेच्या तसे लागू नाही, असे ठरविले. दुसऱ्याच्या जमिनीवर प्रामाणिक समजुतीने व हक्काच्या भावनेने ज्याने घर बांधले, त्याला आपला माल काढून नेता येतो किंवा त्याची किंमत मिळू शकते, असा त्या निकालाचा आशय होता. आमच्या रयतेची चाल ही अडाणीपणाची नव्हती; या देशाच्या न्यायाशी ती सुसंगत होती.

ही स्थिती ३१ मार्च १९५१ रोजी पालटली. त्या दिवशी मध्य प्रदेशचा १९५० सालचा मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा प्रत्यक्ष अमलात येऊन मालगुजारी संपली. गावची आबादी, जंगल, तलाव, पडीत जमीन यांवरील मालगुजारांचे हक्क शासनाकडे गेले. परंतु त्या कायद्याच्या पाचव्या कलमाने एक महत्त्वाची गोष्ट राखून ठेवली. गावठाणातील घरे, पूजास्थाने, तसेच त्यांच्या लगतच्या जागेतील विहिरी व झाडे ही ज्याची त्याच्याकडेच राहतील, आणि त्यांखालील जमीन त्याच्याच नावे करून दिली जाईल, असे त्यात म्हटले होते. हे केवळ मालगुजारासाठी नव्हते. ‘अन्य कोणत्याही व्यक्ती’साठीही होते. ज्या रयतेच्या घराखालची माती पिढ्यानपिढ्या दुसऱ्याची होती, तिच्या घराला प्रथमच स्वतःच्या पायाखालची जमीन मिळाली. विहीर व झाड घराबरोबर राहतील, हे तेथे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. आपला भाग पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, तरी त्या दिवशीच्या बदलाचा पाया कायम राहिला.

१८८२ चे दोन कायदे

आज घराच्या विक्रीस जो कायदा लागू आहे, तो मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा होय. १ जुलै १८८२ पासून तो मध्य प्रांतात अमलात आला. मुंबई इलाख्यास तो १८९३ पासून लागू झाला. त्याच दिवशी मध्य प्रांतात अमलात आलेला सुविधाधिकाराचा कायदाही मुंबई इलाख्यास १८९१ साली मिळाला. म्हणजे या बाबतीत आपला भंडारा जिल्हा पुण्यामुंबईच्या पुढे होता. आपल्या मागासपणाच्याच गोष्टी नेहमी ऐकणाऱ्या तरुणांनी ही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या कायद्याच्या आठव्या कलमात आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर आहे. दस्तात वेगळा हेतू दर्शविलेला नसेल, तर घराबरोबर त्याच्याशी जोडलेले सुविधाधिकार, विक्रीनंतरचे भाडे, आणि कुलुपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्या व घराच्या कायम वापरासाठी असलेल्या इतर सर्व वस्तू खरेदीदाराकडे जातात. येथे किल्लीचा प्रश्न सुटला. ती खिशात असली तरी ती घराची आहे, कारण तिचा उपयोग त्या घरावाचून दुसरा नाही.

जमिनीशी संलग्न म्हणजे काय, हेही तिसऱ्या कलमात सांगितले आहे. झाडाप्रमाणे जमिनीत मुळे धरलेले. भिंतीप्रमाणे जमिनीत रोवलेले. आणि अशा रोवलेल्या वस्तूला तिच्या कायम उपभोगासाठी जोडलेले. या कसोटीने आपल्या जुन्या घराकडे पाहू. जमिनीत पुरलेले उखळ घराचे. मुसळ व पाटा-वरवंटा विकणाऱ्याचे. भिंतीत बसविलेली फडताळे घराची. भिंतीला टेकवून ठेवलेले कपाट विकणाऱ्याचे. जागेवरच मातीने लिंपून उभारलेली ढोली घराची. उचलून नेता येणारी कोठी विकणाऱ्याची. विहिरीचे बांधलेले तोंड घराचे. दोर व बादली विकणाऱ्याची. विजेची तारजोडणी घराची. लोंबता पंखा कोणाचा, यावर आज वाद होतो, म्हणून तो दस्तात लिहिणे बरे.

झाडाविषयी एक निकाल आवर्जून सांगण्याजोगा आहे. शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या १९५८ सालच्या खटल्यात प्रश्न जंगलातील लाकडाच्या हक्काचा होता आणि त्याचा उगम वर सांगितलेल्या निर्मूलनाच्या कायद्यातच होता. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विवियन बोस यांनी त्यात उभे लाकूड व झाड यांतील भेद उलगडून दाखविला. जे झाड लवकरच तोडावयाचे आहे ते लाकूड, म्हणून जंगम. जे जमिनीतून पोषण घेत वाढत राहावयाचे आहे ते झाड, म्हणून स्थावर. बाडीतील आंबा हा तोडण्यासाठी लावलेला नसतो, फळांसाठी व सावलीसाठी लावलेला असतो. तो घराचा आहे. विक्रीच्या आदल्या आठवड्यात त्यावर कुऱ्हाड चालविणे हे कायद्याच्या व सौजन्याच्या दोन्ही दृष्टींनी गैर होय.

शेजाऱ्याची वाट मात्र खरेदीदारावर बंधन म्हणून येते. जी वाट किंवा पाणी कोणी शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता २० वर्षे वापरले, त्यावर त्याचा सुविधाधिकार निर्माण होऊ शकतो, आणि घराचा धनी बदलल्याने तो नष्ट होत नाही. विदर्भात अशा चालीरीतींची नोंद ठेवण्याची जुनी पद्धत महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्येही निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज या नावांनीच टिकविली आहे.

माणसांचे हक्क

आतापर्यंत वस्तूंचा विचार झाला. परंतु घराबरोबर माणसांचेही हक्क राहतात, आणि माझ्या मते या लेखातील हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

१८६९ साली कलकत्त्याच्या उच्च न्यायालयापुढे मंगला देवी विरुद्ध दीनानाथ बोस हा खटला आला. कुटुंबाचे राहते घर वारसाने विकले होते आणि घरात विधवा राहत होती. तिच्या राहण्याची दुसरी योग्य सोय केल्याशिवाय खरेदीदारास तिला बाहेर काढता येणार नाही, असा निर्णय सरन्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी दिला. १८८२ च्या कायद्यातील एकोणचाळिसाव्या कलमानेही असे तत्त्व घालून दिले की, ज्या मिळकतीच्या उत्पन्नावर एखाद्याच्या पोटगीचा हक्क आहे, ती मिळकत त्या हक्काची माहिती असताना घेणाऱ्याविरुद्ध तो हक्क बजावता येतो. तात्पर्य, घर विकले म्हणजे घरातील आईही विकली गेली, असे हिंदू कायद्याने कधी मानले नाही.

मुलीच्या बाबतीत प्रगती सावकाश झाली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीस वारस केले, तरी तेविसाव्या कलमाने राहत्या घराची वाटणी मागण्याचा तिचा हक्क पुरुष वारस वाटणी करीपर्यंत थोपवून धरला. अविवाहित, परित्यक्त अथवा विधवा मुलीस फक्त राहण्याचा हक्क होता. ९ सप्टेंबर २००५ पासून हे कलम रद्द झाले आणि मुलगी मुलाप्रमाणेच वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद झाली. वडील त्या दिवशी हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले.

तथापि आपल्या गावांत अजूनही असे घडते की, भावांनी सौदा ठरवावा, आणि बहिणीला रक्षाबंधनाच्या ओवाळणीबरोबर सहीसाठी कागद पुढे करावा. ती न वाचता सही करते. माहेर तुटू नये एवढीच तिची इच्छा असते. सही करणे न करणे हा तिचा प्रश्न आहे. परंतु कागद तिला वाचून दाखविणे हा आपला धर्म आहे. ज्या घराच्या उखळात तिने लहानपणी धान कांडले, त्या घराच्या किमतीत तिचा वाटा आहे हे तिला ठाऊक तरी असावे.

देव आणि वास्तुपुरुष

कायदा जेथे थांबतो तेथे रूढी बोलू लागते. घर सोडताना देवघरातील देव पूजा करून बरोबर नेतात. देवघराचा मातीचा ओटा मात्र घरात राहतो. तुळशीचे रोप कुंडीत घालून नेतात. वृंदावन अंगणात राहते. वडिलांची तसबीर नेतात. ती जेथे टांगली होती ती खुंटी राहते. आपल्या स्त्रियांनी कलमे न वाचताही स्थावर व जंगम यांचा भेद किती अचूक ओळखला होता, हे पाहून आश्चर्य वाटते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वास्तुशांतीच्या वेळी वास्तुपुरुषाची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरतात. ती कधी उकरून नेत नाहीत. कुलदेवता कुळाची, म्हणून ती कुळाबरोबर जाते. वास्तुदेवता वास्तूची, म्हणून ती नव्या धन्याचे रक्षण करण्यासाठी तेथेच राहते. विकत घेणारा कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, हे वास्तुपुरुष विचारीत नाही. जुन्या धन्यानेही जाताना मनात कटुता ठेवू नये, असा बोध यातून घ्यावयाचा.

आज काय करावे

या साऱ्या इतिहासाचा व्यवहारात उपयोग व्हावा, म्हणून काही सूचना नम्रपणे कराव्याशा वाटतात. शंभर रुपये व त्यावरील किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. साध्या कागदावरील लिहून देणे पुरेसे नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नाव आहे म्हणून आपण मालक झालो, असे समजू नये. ती कराची नोंद आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्यात येतात. ज्यांच्या गावी हे काम झाले असेल, त्यांनी आपली विहीर, वाट व अंगण तीत बरोबर दर्शविले आहे की नाही, हे विक्रीपूर्वी पाहावे.

खरेदीखतात केवळ चतुःसीमा लिहून थांबू नये. कोणते दरवाजे, कोणती झाडे, कोणता पंप राहणार व काय नेणार, याची यादी दोघांनी मिळून करावी. शेजाऱ्याची वाट व पाणी यांचा स्पष्ट उल्लेख करावा. विक्रीच्या तारखेपर्यंतचा कर विकणाऱ्याने भरावा आणि किंमत मिळताच जुने कागद खरेदीदाराच्या हाती द्यावेत, कारण कायद्याने तेही घराबरोबरच जातात. त्यांतील पूर्वजांच्या सह्या व अंगठे यांची प्रत आपल्याजवळ अवश्य ठेवावी. कुळाचा इतिहास लिहिणाऱ्यास एके दिवशी ती लागेल. घरात वृद्ध माता असेल, तर तिच्या राहण्याची व्यवस्था आधी करावी आणि मग बयाणा घ्यावा.

मुर्रीतील आणि भोवतालच्या गावांतील जुनी घरे एकामागून एक उतरत आहेत. हे थांबविणे कोणाच्या हाती नाही, आणि थांबवावे असेही नाही. नगरधनचे घर सोडले नसते, तर वैनगंगेकाठचे धान पिकले नसते. परंतु जो घर विकतो, तो शेजाऱ्याचे पाणी, बहिणीचा वाटा आणि आईचा निवारा विकत नाही, कारण ते त्याचे नव्हतेच. एवढे ज्याने जपले, त्याला आपल्या जुन्या दारावरून जाताना मान खाली घालावी लागणार नाही. नव्या धन्याने त्याला बसावयास सांगितले तर त्याने सपरीत बसावे, त्याच विहिरीचे पाणी प्यावे, आणि घर चांगल्या हाती गेले म्हणून समाधान मानावे.